दाढेचा खर्च आणि खाड्यांचा हिशेब

अक्कलदाढ काढायला किती खर्च आला, हे तिघीचौघींनी इनबॉक्समध्ये विचारलं. म्हणून एकदाच लिहून टाकते. जरा लांबेल.

दाढ खालची, डावीकडची. सरळ वर यायचं सोडून पुढच्या दाढेवर रेलून आडवी पडलेली. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली. त्या हिरडीच्या पदराखाली भाताचं शीत अडकलं की चार दिवस गाल सुजायचा. दोन वर्षं हेच चाललं. लवंग, मिठाच्या गुळण्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या. सूज उतरली की मी दाढ विसरायचे. विसरायला पैसे पडत नाहीत.

भिवंडीत एका गोडाऊनच्या ऑफिसात टॅलीवर बसते, पगार 16,000. खासगी दवाखान्यात 9,500 सांगितले, ओपीजी म्हणजे जबड्याचा मोठा एक्सरे वेगळा. डॉक्टर लुटत होते असं मी म्हणणार नाही. हिरडी कापून, हाड कोरून, दाढेचे तुकडे करून काढायचं काम आहे ते. पण आमच्याकडे 9,500 म्हणजे भाडं आणि किराणा.

‘मेडिक्लेम काढायचा ना!’ असं म्हणणाऱ्यांनी आपली पॉलिसी उघडून बघा. साध्या पॉलिसीत दाताचे उपचार सहसा बसतच नाहीत, अपघातात दात गेला तर गोष्ट वेगळी. म्हणजे आपटून फुटला तर तो शरीराचा भाग, नुसता किडला तर तुमची हौस.

शेवटी डेंटल कॉलेज गाठलं. ‘तिथे शिकाऊ पोरं प्रयोग करतात’ हे मीही ऐकून होते. माझी दाढ काढली ती एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीनंतरचं पुढचं शिक्षण, करणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. मागे तिच्या मॅडम उभ्या. आधी तिने माझ्या तोंडात बोटं उभी धरून बघितली. तीन मावायला हवीत, दोनच मावली. म्हणाली, आधी सूज उतरू दे, मग हात लावते. पाच दिवसांचं औषध दिलं. दाढ काढायच्या दिवशी इंजेक्शननंतर ओठ भाकरीएवढा झाल्यासारखा वाटला. दुखलं नाही, फक्त ड्रिलचा आवाज कवटीत घुमत राहिला आणि मध्येच ‘कट’ करून काहीतरी मोडलं. ती म्हणाली, ‘घाबरू नका ताई, दाढच मोडली, मुद्दाम मोडली.’ वर सूचना : कापूस तासभर दाबून धरा, थुंकू नका, आज चूळ भरू नका, स्ट्रॉने काही ओढू नका. जखमेतली रक्ताची गाठ निघाली तर हाड उघडं पडतं आणि मग खरं दुखणं सुरू होतं. बर्फ शेजारच्या काकूंच्या फ्रीजमधून आला.

केसपेपर, एक्सरे, रक्ततपासणी, दाढ, सगळं धरून हजाराच्या आत. इथपर्यंत वाचून ‘बघ, होतं की स्वस्तात’ असं वाटलं असेल.

आता खाडे मोजा. पहिल्या दिवशी तपासणी आणि एक्सरे. दुसऱ्या खेपेला रक्ताचे रिपोर्ट आणि तारीख. तिसऱ्या दिवशी दाढ. सात दिवसांनी टाके काढायला चौथा. ओपीडी सकाळची, म्हणजे अर्धा दिवस वगैरे काही नसतं. एका खाड्याला 615 रुपये कापतात. चार खाड्यांचे 2,460. दाढेपेक्षा खाडे महाग पडले, आणि त्यांची पावतीही मिळत नाही.

बरं, माझ्या पगारातून ईएसआयसीचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, दरमहा 120 रुपये कापले जातात, मालक 520 भरतो. 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांसाठीच आहे ती योजना. आजारपणात पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो हे मला दाढ गेल्यावर कळलं. पण एका आजारपणाचे पहिले दोन दिवस साधारणपणे धरतच नाहीत, आणि माझे चारही खाडे सुटे सुटे. नियम करणाऱ्याची दाढ कधी दुखली नसावी.

माझं म्हणणं एवढंच आहे. दर आणखी उतरवा अशी माझी मागणी नाही. आठवड्यातून एक ओपीडी संध्याकाळी किंवा रविवारी ठेवा. तपासणी, एक्सरे, रक्त एकाच दिवशी उरका. मी निदान कल्याणची, लोकलने जाऊन येते. सरकारी डेंटल कॉलेज म्हटलं की मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि महापालिकेचं नायर, हीच नावं पुढे येतात. गडचिरोलीच्या बाईचे किती खाडे होत असतील?

आणि एक, जे सांगायला लाज वाटते. दोन वर्षं टाळलं त्यात आडव्या दाढेने पुढची चांगली दाढ किडवली. रूट कॅनाल करून कॅप बसवली असती तर वाचली असती. त्याला आणखी खेपा, आणखी पैसे. मी म्हटलं, तीही काढा. त्या मुलीने दोनदा विचारलं, ‘नक्की ना?’ आता डाव्या बाजूने चणे खाता येत नाहीत. म्हण आहेच, दात आहेत तर चणे नाहीत. माझ्याकडे सध्या दोन्हींची टंचाई आहे.

परवा पॅकिंगच्या मावशी गाल धरून बसल्या होत्या, मिश्री दाबून. मी कॉलेजचा पत्ता लिहून दिला. पैसे किती, हे त्यांनी विचारलंच नाही.

‘खाडे किती होतील गं?’

चार म्हटलं. त्यांनी चिठ्ठी घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली. ‘दिवाळीचा बोनस होऊ दे,’ म्हणाल्या, आणि टेपचा रोल उचलला.