क्रिएटिनिन १.४ म्हणजे किडनी निम्मी गेली?

"सर, डायलिसिस किती दिवसांनी लागतं?" येळ्ळूरच्या २६ वर्षांच्या पोरानं मला हे विचारलं. हातात आरएफटीचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, क्रिएटिनिन १.४, आकडा ठळक छापलेला. आई बाहेरच्या बाकावर पदर डोळ्याला लावून बसलेली. पोरगा सकाळी दौड मारतो, संध्याकाळी वजनं उचलतो, दंड-मांड्या पैलवानाच्या. चार दिवसांपासून त्यानं अंडी सोडली होती, डाळसुद्धा सोडली होती. कारण मोबाइलवर आलेला एक मेसेज.

तो मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जिम आणि तालमींच्या ग्रुपवर मराठीत फिरतोय, कन्नडमध्येही फिरतोय. त्यात असं लिहिलंय: "क्रिएटिनिन १.२ च्या वर गेलं म्हणजे किडनी निम्मी निकामी झाली. प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन आजच बंद करा. युरिया वाढला म्हणजे अंगात विष साठतंय. रोज सहा लिटर पाणी प्या, आठवड्यात आकडा खाली येतो. रिपोर्ट नॉर्मल असेल तर काळजी नाही."

मी शहापुरात एका लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करतो. निदान करणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण हे आकडे कशानं हलतात ते रोज डोळ्यासमोर असतं, म्हणून एकेक वाक्य घेतो.

"१.२ च्या वर म्हणजे किडनी निम्मी निकामी." आपल्या स्नायूंत क्रिएटिन नावाचा पदार्थ साठलेला असतो. त्यातला साधारण एक ते दोन टक्के भाग रोज आपोआप मोडतो आणि त्याचं क्रिएटिनिन होतं. ते रक्तात येतं, किडनी ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: तयार किती होतं आणि बाहेर किती जातं. पावसाळ्यात राकसकोपची पातळी चढली म्हणून धरणाचे दरवाजे बिघडले असं बेळगावात कुणी म्हणत नाही, आधी पाऊस किती झाला ते विचारतात. अंगावर दहा-पंधरा किलो जास्त स्नायू बाळगणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन जास्त येतं, तो हा पाऊस.

मेसेजमधलं 'निम्मी' कुठून आलं तेही सांगतो, कारण ते अगदी हवेतून आलेलं नाही. किडनीचं काम निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत कित्येकांचं क्रिएटिनिन नॉर्मलच्या रेषेत राहू शकतं, हे खरं आहे. कुणीतरी ते वाक्य उलटं केलं आणि रेषा ओलांडली की किडनी निम्मी गेली असं ठरवून टाकलं. उलटं केलेलं ते वाक्य खोटं आहे.

बऱ्याच रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली ई-जीएफआर छापलेलं असतं. किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा तो अंदाज. मशीन तो मोजत नाही. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष एवढ्यावरून सूत्रानं काढलेला असतो. २०२१ च्या सूत्रानं २६ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ असेल तर ई-जीएफआर ७१ च्या आसपास येतं. तेच १.४ साठ वर्षांच्या पुरुषाचं असेल तर ५७-५८. आकडा एकच, अर्थ दोन. आणि हे सूत्र समोरच्याचे दंड बघत नाही. पिळदार अंगाच्या माणसाची किडनी ते खरी असते त्यापेक्षा कमजोर दाखवू शकतं.

किडनीचा जुनाट आजार म्हणायला डॉक्टर काय बघतात? ई-जीएफआर ६० च्या खाली, किंवा लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जाणं, किंवा किडनीला इजा झाल्याची दुसरी खूण, आणि तेही तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेलं. एका सकाळच्या एका रिपोर्टवर तो शिक्का बसत नाही.

ती सकाळ कुठली होती, हेही विचारायला हवं. मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचं थोडं क्रिएटिनिन होतं आणि ते जेवणाबरोबर थेट पोटात जातं. रविवारी रात्री मटणाचा तांबडा-पांढरा, सोमवारी पहाटे पायांचा जोरदार व्यायाम, घाम गळून अंग सुकलेलं, आणि तसंच येऊन खुर्चीत हात पुढे. अशा रक्तातला आकडा चढलेला दिसला तर नवल नाही. म्हणून माझं सांगणं असतं, दोन दिवस वजनं उचलू नका, आदल्या दिवशी मटण-चिकन नको, पाणी नेहमीसारखं प्या, मग या. क्रिएटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

तरीही शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी आहे. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू किती आहेत यावर ते फारसं हलत नाही. क्रिएटिनिनचा भरवसा वाटत नसेल तिथे दोन्ही मिळून ई-जीएफआर काढावं, असं केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. थायरॉइड, लठ्ठपणा, धूम्रपान, स्टेरॉइडच्या गोळ्या यांनी मात्र सिस्टॅटिनही हलतं. तपासणी महाग आहे, पण चार दिवस उपाशी राहण्यापेक्षा आणि आईला रडवण्यापेक्षा बरी.

"प्रोटीन आणि क्रिएटिन आजच बंद करा." क्रिएटिन ही डब्यातून मिळणारी पावडर आणि क्रिएटिनिन हा कचरा, नावं सारखी म्हणून अर्धा गोंधळ झालाय. रोज तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिन घेणाऱ्या निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासांत किडनीला इजा दिसलेली नाही. रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढतो, कारण कच्चा मालच वाढलेला असतो. प्रोटीनचंही निरोगी किडनीच्या बाबतीत तसंच. किडनी आधीच आजारी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रोटीन किती खायचं ते डॉक्टर ठरवतात आणि ते पाळावंच लागतं.

पण या मेसेजवर माझा खरा राग इथे आहे. डब्याला शिव्या देताना तो इंजेक्शनबद्दल एक अक्षर बोलत नाही. अंग लवकर भरावं म्हणून घेतलेल्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडनं किडनीच्या गाळण्या खराब झालेल्या दहा शरीरसौष्ठवपटूंची नोंद २०१० मध्ये अमेरिकेतल्या किडनीच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. स्टेरॉइडनं रक्तदाबही चढतो, आणि चढलेला रक्तदाब किडनीचा मोठा शत्रू. दुसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. खांदा लचकला की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन आणायची, ती खाऊन उन्हाळ्यात घाम गाळत पुन्हा वजनाखाली जायचं. सुकलेल्या अंगात या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. माझी कळकळीची विनंती आहे, डब्याआधी हे दोन बंद करा.

"युरिया म्हणजे विष." प्रोटीनमधल्या नायट्रोजनचा युरिया यकृत बनवतं. खुराक जास्त आणि पाणी कमी, एवढ्यानंही युरिया वर सरकतो. शिवाय काही लॅब युरिया लिहितात, काही बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ नं गुणलं की युरिया येतो. एका लॅबचा १८ आणि दुसऱ्या लॅबचा ३८ शेजारी ठेवून दुप्पट झालं म्हणून घाबरणारे मी पाहिलेत. तो आकडा जवळपास तोच असतो.

"सहा लिटर पाणी प्या." अंग सुकल्यामुळे क्रिएटिनिन चढलं असेल तर पुरेसं पाणी प्यायल्यावर ते उतरतं. स्नायूंमुळे चढलेलं त्यानं फारसं उतरत नाही आणि आजारी किडनी पाण्यानं बरी होत नाही. उगाच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, क्वचित फिट येते.

पाणी पीत घरी थांबायचंच नाही अशी एक वेळ असते. नवीन पोरगं पहिल्याच दिवशी ईर्षेनं पाचशे बैठका मारतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सुजून दगड होतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरलेलं असतं, ते किडनी बंद पाडू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सीके ही स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी करून घ्यायची. वस्तादांनी नव्या पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगावं.

"रिपोर्ट नॉर्मल, मग काळजी नाही." पंचाहत्तर वर्षांच्या एखाद्या काटकुळ्या आजीचं क्रिएटिनिन १.१ आलं तर घरचे निश्चिंत होतात. सूत्रात घातलं तर तिचं ई-जीएफआर ५२ च्या आसपास निघतं. अंगात स्नायूच उरले नाहीत, म्हणून आकडा लहान. आणि पैलवानांतही उलटी चूक होते. "व्यायामामुळे वाढलंय" असं म्हणत दोन-दोन वर्षं १.५, १.६, १.८ असा चढता आकडा खिशात घालून फिरायचं. स्नायू तेवढेच असताना आकडा चढत असेल तर त्याला व्यायामाचं कारण पुरत नाही.

म्हणून लघवीची तपासणी सोडू नका. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण ३० च्या खाली हवं. दमवणाऱ्या व्यायामानंतर एक-दोन दिवस लघवीत अल्ब्युमिन तात्पुरतं जास्त जातं, तेव्हा इथेही दोन दिवस विश्रांती घेऊनच नमुना द्यायचा. साखर आणि बीपी सोबत बघायचं.

येळ्ळूरच्या पोराला मी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांच्या सांगण्यावरून तो दहा दिवसांनी विश्रांती घेऊन आला. क्रिएटिनिन १.२४, सिस्टॅटिन सी नॉर्मल, लघवीतलं प्रमाण ८. त्यानं अंडी पुन्हा सुरू केली. बीपी मात्र डॉक्टरांकडे दोन्ही वेळा १४२/९० भरलं, आणि ते त्यानं याआधी कधी मोजलेलंच नव्हतं. आता आई दर रविवारी शेजारच्यांचं यंत्र मागून आणते आणि वहीत आकडा लिहून ठेवते.