चिंपांझी बघून झोप उडते

डोकं जरा शांत व्हावं म्हणून रात्री प्राण्यांचं काहीतरी लावावं आणि नेमकी चिंपांझींची डॉक्युमेंटरी लागावी, की संपलंच. हत्तींची असली तर ते चालतात, पाणी पितात, आपल्याला छान डुलकी लागते. इथं पहिल्याच मिनिटाला ढोल, वर तो खर्जातला आवाज, 'पण सिंहासन आता धोक्यात आहे...' अरे कसलं सिंहासन, तो अंजीर खातोय!

खरं तर चिंपांझीचा जवळजवळ अर्धा दिवस खाण्यात जातो, तेही बहुतेक फळंच, आणि उरलेल्यात बराचसा वेळ लोळणं नाहीतर एकमेकांच्या केसांत बोटं घालून साफसफाई. पण ते कोण बघणार, म्हणून महिनोन्महिने शूट करायचं आणि त्यातल्या मारामाऱ्या तेवढ्या वेचून तासाभरात कोंबायच्या.

त्यात मला कोण कोण आहे तेच कळत नाही. हा सरदार, हा त्याचा उजवा हात, हा उद्या गद्दारी करणार, असं निवेदक सांगतो आणि मला तिघेही सारखेच दिसतात, मग ज्याच्यासाठी माझा जीव खालीवर होत असतो तोच व्हिलन निघतो. (चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉलनी १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात काम सुरू केलं आणि चिंपांझींना नंबरांऐवजी नावं दिली, त्यावरून त्यांच्यावर टीका झाली होती. मला दोन्ही बाजू पटतात.)

बरं, सगळं रंगवलेलंच असतं असंही म्हणता येत नाही. त्याच गोंबेत कासाकेला गटातून काही जण फुटून काहामा गट झाला, आणि १९७४ ते १९७८ मध्ये कासाकेलाच्या नरांनी आपल्याच जुन्या सोबत्यांना एकेकटं गाठून मारलं, काहामाचा एकही मोठा नर उरला नाही. हे झोपायच्या आधी कोण बघतं? मी बघतो.

आणि ती बिचारी आई, वारुळात काडी घालून वाळवी काढून खाणारी, पिल्लू शेजारी बसून नुसतं बघतंय, तिला दोन मिनिटं आणि बासरी. बास.

माझा आवडता म्हणजे माइक. हा पण गोंबेचाच, अंगानं काही दांडगा नव्हता, पण गुडॉलच्या कॅम्पवरचे रॉकेलचे रिकामे डबे आपटत, ढकलत तो मोठमोठ्या नरांवर धावून जायचा आणि त्या खडखडाटानं भलेभले बाजूला व्हायचे. झाला नंबर एक! शेवटी कॅम्पवरच्यांना ते डबे लपवून ठेवावे लागले.