लेस्टरची कोकी, शिवाजी मंदिरची रीमा

दर वर्षी मे महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर रीमा लागूचा फोटो येतो. १८ मे २०१७ ला ती गेली. अठ्ठावन्न हे काही जायचं वय नव्हे. फोटोखाली ठाण्याची मावसबहीण न चुकता लिहिते, ‘हिंदीवाल्यांनी एवढ्या ताकदीच्या नटीला सलमानची आई करून टाकलं.’ त्यावर हात जोडलेले, रडके, संतापलेले चेहरे येतात आणि वर्षभरासाठी विषय मिटतो. यंदा मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून, माझ्या घरून, उत्तर लिहायला बसले. ते एवढं वाढलं की ग्रुपवर टाकायची लाज वाटली.

बहिणीचा हिशेब चोख आहे, हे आधी कबूल करते. रीमाचा जन्म जून १९५८ चा. ‘मैंने प्यार किया’ आला १९८९ च्या डिसेंबरात, तेव्हा ती एकतीस वर्षांची आणि तिचा पडद्यावरचा मुलगा चोवीस. ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई झाली तेव्हा दोघांच्या वयात जेमतेम वर्षाचं अंतर. तिशीच्या नटाला कुणी कधी सलमानचा बाप केला असता का? नसता. पण पुढे बहीण म्हणते, ‘हे फक्त आपल्याकडेच होतं,’ तिथे माझी गाडी अडते. हॉलिवूडमध्ये हिचकॉकच्या १९५९ सालच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये कॅरी ग्रांटच्या आईचं काम जेसी रॉइस लँडिसनं केलंय. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. म्हणजे अंतर जवळपास रीमा-सलमानएवढंच! दुखणं जुनं आहे आणि त्याला पासपोर्ट लागत नाही.

आता माझ्या शेजारणीकडे येते. बाई गुजराती, १९७२ साली इदी अमीननं युगांडातून हाकललेल्या कुटुंबातली, तेव्हा शाळकरी पोर होती. तिला मराठी येत नाही, नाटक माहीत नाही. मी एकदा रीमाचं नाव घेतलं तर म्हणाली, ‘अरे, कोकी!’ ‘श्रीमान श्रीमती’तली कोकी कुलकर्णी. तिच्या लेखी रीमा ही कुणाचीच आई नाही. ती नवऱ्याला बरोब्बर ओळखून असलेली, खट्याळ, टायमिंगची पक्की बाई आहे. मग ‘तू तू मैं मैं’चा विषय निघाला आणि चहा दोनदा उकळला. सचिन पिळगावकरच्या त्या मालिकेत सून झालेल्या सुप्रियाला तोडीस तोड सासू होती ती. तिच्या नुसत्या ‘अच्छाऽऽ’वर माणसं सोफ्यावरून घसरायची. ग्रुपवरच्या श्रद्धांजलीत या दोन मालिका कधीच नसतात. विनोदी काम म्हणजे हलकं काम, ही आपली जुनी खोड.

आणि आईच म्हणाल, तर तिनं ती आई होती तशी ठेवली का? त्याआधी हिंदीतली आई म्हटली की पांढरं लुगडं, शिवणयंत्र आणि खोकला. रीमाची आई मुलाशी मैत्रिणीसारखी बोलायची, त्याच्या प्रेमात त्याच्या बाजूनं उभी राहायची. ‘वास्तव’च्या शेवटी तर तीच मुलावर गोळी झाडते. फिल्मफेअरची नामांकनं चार वेळा झाली, बाहुली एकदाही घरी आली नाही. त्याचा राग येतोच. पण हे काम वाया गेलं असं म्हणणं म्हणजे तिची मेहनत तिच्याच नावावरून खोडणं.

तरी बहिणीच्या दुःखात काही खरं आहे, आणि ते मला ठाऊक आहे, कारण मी शिवाजी मंदिरला तिचं ‘सविता दामोदर परांजपे’ हे नाटक पाहिलंय. आईनं नेलं होतं, बाल्कनीत. एकाच बाईच्या अंगात दुसरी बाई. रीमानं नुसती मान वळवली आणि आवाज खाली उतरवला, तेव्हा मी आईचा हात इतका आवळला की तिची बांगडी वाढवली. त्याच ऐंशीच्या दशकात जयवंत दळवींचं ‘पुरुष’ होतं, दिग्दर्शन विजया मेहतांचं, समोर गुलाबरावाच्या भूमिकेत नाना पाटेकर. अत्याचार झाल्यावर रडत न बसता स्वतःच हिशेब चुकता करणारी शिक्षिका अंबिका रीमानं केली. ती अंबिका मी पाहिली नाही. मोठ्यांच्या तोंडून ऐकली.

‘ऐकली’ हाच शब्द मला टोचतो. इथे आल्यावर काही वर्षांनी मी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या नाट्यसंग्रहात गेले होते. लंडनच्या ऑलिंपिया भागात, ब्लाइद हाउसमध्ये तेव्हा त्यांची वाचनाची खोली होती. १९९२ पासून ते प्रेक्षकांसमोर रंगलेले प्रयोग चित्रित करून ठेवतात. कलाकारांच्या संघटनांशी तसा करारच आहे. वेळ ठरवून जायचं, एका टेबलाशी बसायचं आणि बघायचं. नक्कल मिळत नाही, विकत मिळत नाही, घरी नेता येत नाही. म्हणून निर्मात्याचं तिकीटही बुडत नाही. न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात तर हे १९७० पासून चालू आहे. मी त्या दिवशी कुठलं नाटक पाहिलं ते आता नीट आठवतही नाही. आठवतं ते एवढंच की शेजारच्या टेबलावर एक विशीतली मुलगी एकच प्रवेश पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होती आणि ओठांनी वाक्यं म्हणत होती. मला एकदम रीमाची ती मान आठवली. नाट्यशाळेत शिकणाऱ्या आजच्या मराठी मुलीनं तो क्षण कुठे बसून मागेपुढे करायचा?

मी इंटरनेटवर पुष्कळ खणलं. तिच्या ‘सविता’चा अख्खा प्रयोग मला सापडला नाही. २०१८ साली त्यावर सिनेमा निघाला, पण त्यात वेगळी नटी. संगीत नाटक अकादमीकडे, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राकडे मुद्रणं आहेत, ती कामं मोलाची आहेत. पण गडकरी रंगायतनपासून कोल्हापूरपर्यंत दौरे करणारं व्यावसायिक नाटक नेमानं टिपून ठेवण्याची रीत आपण लावली नाही. रेकॉर्डिंग झालं तर प्रयोगाला कोण येणार, ही निर्मात्यांची धास्ती मी समजू शकते, नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, पोट असलेल्या नटांचीही. पण टेबलाशी बसून बघण्याचा मार्ग त्या धास्तीला उत्तर देतो, आणि त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. हिंदीनं रीमाला आई केलं, पण जपून तरी ठेवलं. जी आपली रीमा होती, तिला आपणच हवेत सोडून दिलं.

इथलं सगळं बरं असं मुळीच नाही. इथले होतकरू नट कॅफेत कॉफी देतात आणि ऑडिशनसाठी सुट्टी मागताना नोकरी गमावतात. रीमानं दहा वर्षं युनियन बँकेत नोकरी केली, बँकेकडून आंतरबँक स्पर्धांत नाटकं केली आणि तेव्हाच रंगभूमीवर, सिनेमात पायही रोवले. अशोक सराफ असेच स्टेट बँकेतले. महिन्याचा पगार, वर तालमीला जाऊ देणारा साहेब! असली सोय मी इथल्या नाटकवाल्यांना सांगते तेव्हा त्यांना ती थाप वाटते.

मालिकांच्या बाबतीत मात्र पारडं पुन्हा इकडे झुकतं. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत रीमा ‘नामकरण’ या हिंदी मालिकेच्या चित्रीकरणात होती. त्याचा आणि तिच्या जाण्याचा संबंध मी जोडणार नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. पण इथे कामाच्या दोन दिवसांमध्ये अकरा तासांची विश्रांती कायद्यात लिहिलेली आहे, आणि आपल्याकडे आठ तासांची शिफ्ट मागितली की दीपिका पदुकोणसारख्या नटीलाही नखरेल ठरवतात. इथल्या ‘ईस्टएंडर्स’ या मालिकेत २००८ साली एक अख्खा भाग ऐंशी वर्षांच्या जून ब्राउनला एकटीला दिला. समोर टेपरेकॉर्डर, तिचा नवरा इस्पितळात, आणि ती बोलतेय. बाकी कुणी नाही. रीमाच्या वाट्याला असा अर्धा तास यायला हवा होता. ती तो पेलून वर हसवूनही गेली असती.

हे सगळं न पाठवता मी बहिणीला एवढंच विचारलं, की काकांनी दूरदर्शनवरून टेप केलेल्या नाटकांच्या कॅसेट अजून आहेत का. आहेत म्हणाली, माळ्यावर, दोन खोकी, वरची चिठ्ठी उंदरांनी खाल्लीय. व्हीसीआर मी इथून पाठवते म्हटलं. दिवाळीच्या साफसफाईत बघू, म्हणाली.