नुसतं हिरवं दिसणं पुरेसं नाही : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, नमस्कार. पारोळ्याकडच्या बंद खदानीची जमीन झाडं लावून खरंच सावरतेय का, हे उतारावर खिळे ठोकून, मातीची धूप मोजून बघावं, असं सांगणारा माझा लेख तुम्हाला पटला नाही. "उपग्रहाच्या चित्रात टेकडी हिरवीगार दिसते, तरी तुम्ही खिळे मोजत बसता आणि झाडं लावणाऱ्या पोरांचा उत्साह घालवता. निसर्ग आपोआप भरून काढतो," असं तुम्ही लिहिलंय. त्या पोरांनी उन्हातान्हात मुरमात खड्डे खणले, टँकरने पाणी घातलं. ती मेहनत वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणूनच सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या चित्राविषयी. ते सेंटिनेल-२ या उपग्रहाचं, सप्टेंबरातलं आहे. सप्टेंबरात खान्देशात हिरवं काय नसतं? उकिरड्यावरही तरोटा माजतो. एनडीव्हीआय, म्हणजे चित्रावरून काढलेला हिरवेपणाचा आकडा, पानांनी लाल प्रकाश किती शोषला आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश किती परतवला, एवढंच सांगतो. पान तरोट्याचं, गाजरगवताचं, वेड्या बाभळीचं की मारवेल गवताचं, हे त्यातून कळत नाही. शिवाय त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० बाय १० मीटर. वीतभर रुंदीची ओघळ त्यात दिसायची कुठून? उपग्रह मीही वापरतो, पण दर वर्षी त्याच महिन्याचं चित्र घेतो आणि शेजारच्या न खणलेल्या माळाशी ताडून बघतो. पाऊस चांगला झाला म्हणून दोन्ही हिरवे झाले असतील, तर त्याचं श्रेय लागवडीला देता येत नाही.

आता खिळ्यांचं. लांब खिळ्यात वायसर (भोकाची चकती) अडकवून तो उतारावर ठोकायचा आणि वायसर मातीला टेकवून ठेवायचा. माती गेली की वायसर खाली उतरतो. डोकं आणि वायसर यांतलं अंतर वाढतं, तेवढी धूप. वरून माती येऊन बसली तर वायसर गाडला जातो. काळ्या मातीत हे खिळे फसवतात, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मी ते मुरमाड उतारावरच ठोकतो आणि पायथ्याच्या गाळखड्ड्यातला गाळही मोजतो. दोन्हींचा मेळ बसला तरच आकडा धरायचा.

एका मिलिमीटरने काय होतं, असंही तुम्ही विचारलंत. हेक्टरभर उतारावरून १ मिलिमीटर माती गेली म्हणजे १० घनमीटर, साडेतीन ब्रास. ती नाल्यात जाते, तिथून बोरी नदीकडे.

जोरदार पाऊस झाल्यावर बाभळीच्या दोन झुडपांमध्ये वाकून बघा. तिथं गवत नाही. बारीक खडे मातीच्या बोटभर उंच खुंटांवर उभे दिसतील. खड्याखालची माती झाकलेली म्हणून वाचली, भोवतालची थेंबांच्या माऱ्याने उडून गेली. वर पानं हिरवी असताना खाली हे चालू असतं. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण ६००–७०० मिलिमीटर, पण त्यातला बराचसा मोजक्या दणक्या सरींत पडतो. धूप तेव्हाच होते.

अजून एक गोष्ट लेखात राहिली होती. काही वर्षांनी धूप आपोआप कमी होते, पण नेहमी झाडांमुळे नाही. बारीक माती धुऊन गेली की वर नुसते दगड उरतात आणि वाहायला काही राहत नाही. आकडा सुधारतो, पण जमीन मेलेली असते. म्हणून खिळ्यांबरोबर मीटरभर चौकट टाकून आत काय उगवलंय, ते नावानिशी लिहावं लागतं.

निसर्ग भरून काढतो, हे खरंच. पण त्याला बी रुजायला माती लागते, आणि खणताना वरची माती वेगळी काढून ठेवली गेली नव्हती. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की खाणपट्ट्यांच्या अटींत खणलेल्या जागेवर पुन्हा गवत उगवून देण्याची जबाबदारी पट्टेदारावर घालावी. झाडांआधी गवत, हे मला अगदी पटतं. पवन्या, मारवेल, कुसळी यांची मुळं वरचा थर धरून ठेवतात. त्यांच्या आधाराने अंजन, खैर, हिवर टिकतील. पोरांना मी हेच सांगतोय: खड्डे थोडे कमी खणा, समतल चरांच्या (उताराला आडव्या, एका पातळीत खणलेल्या चरांच्या) बांधावर गवताचं बी टाका आणि दोन पावसाळे चराईबंदी पाळा.

लागोपाठ दोन पावसाळे गाळखड्ड्यात शेजारच्या माळाइतकाच गाळ आला आणि चौकटीत अर्ध्याहून जास्त जागा टिकाऊ देशी गवताने धरली, तर ती जागा सावरली असं मी इथंच लिहीन. तुमच्याकडे खदान सुरू व्हायच्या आधीचे त्या टेकडीचे फोटो असतील तर जरूर पाठवा. पूर्वी तिथं कोणतं गवत होतं, हे ठरवायला ते फार उपयोगी पडतील.