स्लाइड्स, विमाने आणि उसने ज्ञान: औषधक्षेत्रातील सल्लागाराच्या दिवसाविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

औषधे, जैवतंत्रज्ञान आणि वैद्यकीय उपकरणे यांच्या कंपन्यांना व्यवसायविषयक सल्ला देणाऱ्या, म्हणजेच लाइफ सायन्सेस क्षेत्रातील व्यवस्थापन सल्लागाराच्या दिनक्रमाचे एक वर्णन समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. त्याचा आशय थोडक्यात असा: सकाळी विमान, दुपारी बैठक, रात्री उशिरापर्यंत स्लाइड्सची सजावट, क्लायंटला आधीच ठाऊक असलेली गोष्ट त्यालाच चढ्या भावाने परत विकायची, विज्ञानातील डॉक्टरेट व्हिजिटिंग कार्डावर मिरवण्यापुरती, आणि अहवाल हातात ठेवला की जबाबदारी संपली. वर्णन खुमासदार आहे आणि त्यातला काही अंश खरा आहे, म्हणूनच ते पसरते. तरीही हे काम पोकळ आणि म्हणून निरुपद्रवी आहे असा जो ग्रह त्यातून होतो, तो चुकीचा आहे. आणि माझ्या मते त्यातला ‘निरुपद्रवी’ हा भाग ‘पोकळ’पेक्षा अधिक चुकीचा आहे.

प्रवासाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. एखाद्या कंपनीची विक्रीयंत्रणा किंवा कारखान्याची कार्यपद्धती बदलायची असेल, तर सल्लागाराला महिनोन्‌महिने तिथे जाऊन बसावे लागते. पण औषधाचे मूल्यांकन, बाजाराचा अंदाज किंवा अधिग्रहणापूर्वीची तपासणी अशी कामे मुख्यतः टेबलाशी बसून आणि फोनवरून होतात, आणि २०२० नंतर बैठकांचा मोठा भागही व्हिडिओवर गेला आहे.

स्लाइड्सचा आरोप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. संध्याकाळी मॅनेजरचे शेरे येतात, रात्री डेक, म्हणजे स्लाइड्सचा संच, दुरुस्त होते, मथळे पुन्हा पुन्हा बदलले जातात, आणि यातले बरेचसे श्रम वाचवता आले असते हेही मान्य करावे लागेल. परंतु त्या स्लाइडवरचा एखादा आकडा कोठून आला याचा माग काढला, की दिवसाचे तास कोठे गेले ते कळते. समजा, एखाद्या आजाराचे १,००,००० रुग्ण आहेत. त्यांपैकी ६० टक्क्यांचे निदान झालेले आहे, निदान झालेल्यांपैकी ८० टक्के उपचार घेतात, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी २५ टक्क्यांमध्ये नव्या औषधासाठी आवश्यक असलेला जनुकीय बदल आढळतो. असे असेल तर त्या औषधासाठी पात्र रुग्ण १२,००० ठरतात. निदानाचे प्रमाण ६० ऐवजी ४५ टक्के धरले, तर तीच संख्या ९,००० वर येते. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. पण एका गृहीतकाने बाजाराचा चौथा हिस्सा नाहीसा होतो, ही गोष्ट या कामात रोजची आहे.

साहजिकच, सल्लागाराची सकाळ पुष्कळदा त्या ६० आणि ४५ मधला वाद सोडवण्यात जाते. एक शोधनिबंध मोठ्या रुग्णालयांतल्या नोंदींवर आधारलेला असतो, त्यामुळे त्यात गंभीर रुग्णांचे प्रमाण जास्त असते. दुसरा विम्याच्या दाव्यांवरून काढलेला असतो, पण तिथे वापरलेला निदानाचा कोड आजाराचे उपप्रकार वेगळे करत नाही. कोणता आकडा घ्यायचा, का घ्यायचा आणि दुसरा खरा निघाला तर निर्णय बदलेल का, हे गृहीतकांच्या शीटवर ओळीओळीने नोंदवावे लागते. सल्लागार कंपनीचा अनुभवी पार्टनर, म्हणजे भागीदार, बैठकीला जाण्यापूर्वी डेकऐवजी हीच शीट मागतो, कारण क्लायंटच्या वित्त विभागाचे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

क्लायंटला सारे आधीच ठाऊक असते, हा दावा ‘कंपनी’ नावाची एकच व्यक्ती असते असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात चाचणीचे निष्कर्ष वैद्यकीय विभागाकडे, डॉक्टरांच्या सवयींची जाण विक्री विभागाकडे आणि विमा कंपन्या किंवा सरकारी आरोग्ययंत्रणा किती पैसे मोजतील याचा अंदाज तिसऱ्याच विभागाकडे असतो, आणि प्रत्येकाला आपापल्या भागाविषयी थोडासा जास्तच विश्वास असतो. फायझरच्या एक्झुबेराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. श्वासावाटे घ्यायच्या या इन्शुलिनला जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळाली. सुई टाळता येते म्हटल्यावर रुग्ण ते आनंदाने स्वीकारतील, ही कल्पना सहज पटणारी होती. परंतु उपकरण बोजड होते, मात्रा नेहमीच्या युनिटऐवजी मिलिग्रॅममध्ये होती, उपचारापूर्वी फुप्फुसांची कार्यक्षमता तपासावी लागत होती, आणि बारीक सुयांच्या पेनांमुळे इंजेक्शनचा त्रास तोवर बराच कमी झाला होता. ऑक्टोबर २००७ मध्ये फायझरने हे औषध सोडून देत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे २.८ अब्ज डॉलरचा खर्च हिशेबात दाखवला. बाहेरच्या सल्लागाराने हे टाळले असते असा माझा दावा नाही. फुगवलेले अंदाज सल्लागारही मांडतात. मुद्दा इतकाच की जाणकारांनी भरलेल्या कंपनीतही दवाखान्यातला साधा प्रश्न योग्य टेबलावर पोहोचेलच असे नसते.

तो प्रश्न विचारण्यासाठीच दुपार मुलाखतींत जाते. तज्ज्ञ डॉक्टर, रुग्णालयाचे औषध खरेदी करणारे, विमा कंपन्यांत काम केलेले लोक यांच्याशी तासाभराचे संभाषण असते, आणि बहुधा प्रायोजक कंपनीचे नाव त्यांना सांगितले जात नाही, म्हणजे उत्तर कोणाच्या बाजूने झुकत नाही. काल्पनिक औषधाची माहिती वाचून डॉक्टर म्हणतात, ‘माझ्या निम्म्या रुग्णांना देईन.’ हा आकडा जसाच्या तसा मॉडेलमध्ये, म्हणजे विक्रीच्या अंदाजाच्या गणितात, टाकणारा नवखा समजावा. बोललेल्या इराद्याला किती कात्री लावायची यावर स्वतंत्र चर्चा होते. समोरची व्यक्ती सुरू असलेल्या चाचणीचे अप्रकाशित निष्कर्ष सांगू लागली तर संभाषण तिथेच थांबवावे लागते. क्लायंटच्या औषधाचा एखादा दुष्परिणाम बोलण्यात आला, तर तो साधारणपणे एका कामकाजाच्या दिवसात कंपनीच्या औषधसुरक्षा विभागाला कळवावा लागतो, मग मुलाखतीचा विषय काहीही असो. व्हायरल वर्णनात या नियमांचा उल्लेखही नसतो. बहुधा त्यात विनोद सापडत नाही म्हणून.

विज्ञानाची पदवी केवळ शोभेपुरती, या मुद्द्याला हेपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचा इतिहास उत्तर देतो. गिलियड या औषधकंपनीच्या सोफोसबुव्हिर या त्यावरील औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली, आणि २०१५ मध्ये कंपनीची या आजारावरील औषधांची विक्री सुमारे १९ अब्ज डॉलरवर गेली. २०१८ मध्ये ती ४ अब्ज डॉलरच्याही खाली आली. स्पर्धेमुळे घसरलेल्या किमती हे एक कारण होतेच. पण दुसरे कारण औषधाच्या यशातच होते. मधुमेहाचा रुग्ण वर्षानुवर्षे औषध घेतो, तर हेपॅटायटिस सीचा रुग्ण काही आठवड्यांत बरा होऊन बाजारातून बाहेर पडतो, आणि वर्षानुवर्षे साचलेली रुग्णसंख्या ओसरली की दरवर्षी नव्याने निदान होणारे तेवढे उरतात. एक्सेल उत्तम येणारा माणूस दोन्ही आजारांसाठी एकच वाढती रेषा काढू शकतो आणि सूत्रात एकही चूक नसते. विषाणू शरीरातून कायमचा जातो की केवळ दबून राहतो, हे विचारण्याची सवय असलेला माणूस ती रेषा काढण्यापूर्वी थांबतो. त्यासाठी डॉक्टरेटच हवी असे नाही. पण शोधनिबंधातली चाचणीची रचना वाचता यायलाच हवी.

शेवटचा दावा, सल्ल्याच्या परिणामांशी सल्लागाराचा संबंध नसतो, हा अर्धा खरा आहे: औषध बाजारात अपयशी ठरले तर नुकसान कंपनीचे होते, सल्लागाराची फी परत जात नाही. पण परिणाम होतच नाहीत असे म्हणायचे असेल, तर ओपिऑइडचे, म्हणजे अफूसारख्या व्यसन लावू शकणाऱ्या वेदनाशामक औषधांचे, प्रकरण आठवावे. ऑक्सिकॉन्टिन हे असेच औषध बनवणाऱ्या पर्ड्यू फार्माला विक्री वाढवण्याचा सल्ला दिल्याबद्दल मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांशी सुमारे ५७.३ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये संघराज्याच्या न्यायखात्याशी ६५ कोटी डॉलरची. त्या सल्ल्याच्या केंद्रस्थानी असलेले तंत्र, म्हणजे जास्त औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे विक्री प्रतिनिधींचा वेळ वळवणे, हे या व्यवसायातले अगदी नेहमीचे काम आहे. प्रिस्क्रिप्शनच्या संख्येनुसार डॉक्टरांचे दहा गट पाडायचे, वरच्या गटांना जास्त भेटी, खालच्यांना कमी; रक्तदाबाच्या गोळीसाठी ही शीट निर्धोक असेल, व्यसन लावणाऱ्या औषधासाठी तीच शीट माणसे मारू शकते, आणि दोन्हींतले रकाने तंतोतंत सारखे असतात.

या व्यवसायावर टीका करायची तर ती इथे करावी. प्रकल्प घ्यायचा की नाही हे वरिष्ठ पार्टनर प्रस्तावाच्या टप्प्यावर ठरवतात. त्या खोलीत रकाने भरणारा असोसिएट, म्हणजे कनिष्ठ सल्लागार, नसतो, आणि ‘वरच्या गटातले डॉक्टर इतके औषध कोणाला देत आहेत’ हा प्रश्न कामाच्या व्याप्तीत लिहिलेला नसेल, तर तो विचारण्यासाठी कोणाच्याही दिवसात तास राखून ठेवलेला नसतो.