पीआरआयचा दिवा हिरवा म्हणजे लाइन ओके? नाही

पीआरआय म्हणजे एकाच केबलवरून अनेक कॉल आणणारी टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन. ती ईपीबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसच्या फोन एक्स्चेंजच्या, कार्डात येते. सोलापुरात ईपीबीएक्स सांभाळणाऱ्यांत एक मेसेज सारखा फिरतो: 'कार्डाचा दिवा हिरवा तर लाइन ओके. लाल तर कंपनीची केबल तुटली. पिवळा तर बिघाड पलीकडचा. काहीही झालं तरी आधी रीस्टार्ट मारा.' यावर विसंबलं तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचे फोन दिवसभर रखडतील आणि खरा दोष जागच्या जागी राहील.

हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की फ्रेम, म्हणजे लाइनवर ठरावीक वेळाने येणारा डेटाचा गठ्ठा, जुळली. सोळाव्या टाइमस्लॉटमधला (फ्रेमच्या कप्प्यातला) डी-चॅनेल, म्हणजे कॉल जोडण्याचे संदेश नेणारा मार्ग, बंद पडला, एकही कॉल लागत नसला, तरी तो हिरवाच राहतो. त्याहून छुपा दोष घड्याळाचा. ई-वनवर, म्हणजे ही पीआरआय ज्या लिंकवर चालते तिच्यावर, सेकंदाला 8000 फ्रेम येतात. कार्ड स्वतःच्या घड्याळावर चाललं आणि कंपनीच्या घड्याळाशी दहा लाखांत 50 इतका फरक पडला, तर दर अडीच सेकंदांना एक फ्रेम गळते किंवा दोनदा वाचली जाते. ही स्लिप. बोलताना बारीकसं 'टक्' होतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. फॅक्स मात्र अर्ध्या पानावर तुटतो. मग लोक फॅक्स मशीन बदलतात! डाहडी (कार्ड चालवणारा लिनक्सवरचा ड्रायव्हर) असेल तर त्याच्या सेटिंगमधल्या स्पॅनच्या, म्हणजे त्या लाइनच्या, ओळीतला दुसरा आकडा बघा. तिथे 0 असेल तर 1 करा, म्हणजे कार्ड लाइनवरून घड्याळ घेतं.

लाल म्हणजे आपल्या कार्डाला सिग्नल मिळत नाही किंवा त्यातली फ्रेम सापडत नाही. केबल कुठे तुटली, हे दिवा सांगत नाही. आरजे-45 प्लगमध्ये पिन 1 ला 4 आणि 2 ला 5 जोडून लूप प्लग (पाठवलेला सिग्नल कार्डाकडेच परत आणणारा) करा, लाइन काढून तो कार्डात लावा. टेस्टपुरतं घड्याळ कार्डाचं ठेवा. दिवा हिरवा झाला तर कार्ड सुटलं. आता पॅच कॉर्ड तपासा आणि मगच कंपनीकडे तक्रार करा.

पिवळ्याबद्दलचा समज तर साफ उलटा आहे. 'तुमचा सिग्नल मला नीट मिळत नाही' असं पलीकडचं टोक कळवतं, तेव्हा तो लागतो. म्हणून संशय आधी आपल्याच ट्रान्समिट जोडीवर, कार्डाच्या पिन 4 आणि 5 वर. प्लग उजेडात धरा: क्रिंपिंगचं पातं तारेच्या प्लास्टिकवरच अडकलेलं असतं, तांब्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

रीस्टार्टने बहुतेक कार्डांचे काउंटर (चुका मोजणारे आकडे) शून्य होतात, म्हणजे पुरावाच पुसला जातो. शिवाय काही ड्रायव्हर क्षणभराचा खंड अलार्म म्हणून दाखवतच नाहीत. म्हणून दर 15 मिनिटांनी काउंटरची नोंद करणारी छोटी स्क्रिप्ट लावा आणि दोन नोंदींतला फरक वाचा. सीआरसी (आलेला डेटा बिघडला का, हे पडताळणारी मोजणी) स्वच्छ आणि फक्त स्लिप वाढतात, तर घड्याळ. कोड व्हायोलेशन (तारेवरच्या विद्युत सिग्नलचा नियम मोडणं) आणि सीआरसी दोन्ही वाढतात, तर कार्डाजवळची केबल किंवा कनेक्टर. कोड व्हायोलेशन शून्य पण सीआरसी वाढतोय, तर दोष बहुधा पुढे, कंपनीच्या उपकरणांपलीकडे. आपला सीआरसी स्वच्छ असून ई-बिट (पलीकडच्या टोकाने कळवलेल्या सीआरसी चुका) वाढत असतील, तर आपण पाठवतो तो सिग्नल वाटेत बिघडतोय. तक्रार नोंदवताना हे आकडे वेळेसकट द्या.