भिंतीच्या आतलं पाणी

आषाढातल्या उधाणाला कोकणातून दरवर्षी तीच मागणी येते: अभ्यास पुरे, धूपप्रतिबंधक बंधारा घाला. आणि लहान बेटांच्या हवामान-अनुकूलनावर इथे फिजीच्या राजधानीत, सुव्यात, काम करणाऱ्यांना घरचे विचारतात, मूठभर वस्तीच्या बेटांवर उभी कारकीर्द घालवून मिळतं काय? मला दोन्हींचा सारखाच राग येतो. दोन्हींत मोजणीला किंमत नाही.

भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू नेते. पाया उघडा पडतो, दगड खचतात. भिंत जिथे संपते, तिथे शेजारच्याची जमीन आणखी वेगाने जाते. फिजीच्याच वनुआ लेवू बेटावरच्या वुनिदोगोलोआ गावाची भिंत टिकली नाही. 2014 मध्ये अख्खं गाव सुमारे दोन किलोमीटर आत गेलं. तुवालूच्या राजधानीत, फुनाफुटीत, तर किंग टाइडला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीला, पाणी सच्छिद्र प्रवाळातून जमिनीखालूनच वर येतं. भिंत अडवणार कुणाला?

तिथे बांधकाम होतच नाही असं नाही. 2023 मध्ये 7.3 हेक्टरचा उंच भराव पूर्ण झाला, पण तो लगूनच्या, म्हणजे प्रवाळकड्याच्या आतल्या शांत पाण्याच्या, बाजूला, लगूनमधलीच वाळू उपसून.

खरी गोष्ट विहिरीची आहे. प्रवाळबेटावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर ते जितकं, त्याच्या चाळीसपट खाली, असं सूत्र सांगतं. मिश्रणामुळे प्रत्यक्षात थर पातळच असतो. म्हणजे उपशाने पातळी दहा सेंटिमीटर उतरली, तर खालून चार मीटर गोडं पाणी जाऊ शकतं. खोल बोअरमधून जोरात उपसा केला की खारं पाणी सुळक्यासारखं वर चढतं. म्हणून किरिबातीच्या तारावा बेटावर बोनरिकीला पाण्याच्या पातळीलगत आडवे, भोकं असलेले पाइप पुरलेत. बेटावरून एकदा लाट गेली की पाणी मचूळ होतं आणि पुन्हा गोडं व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. अळूच्या जातीचे कंद लागवडीच्या खड्ड्यांतच कुजतात.

या कामाची सुरुवातीची वर्षं जातात ती निरीक्षण-विहिरींत वेगवेगळ्या खोलीवर क्षारता मोजण्यात, महिन्यामागून महिने. एका वर्षाच्या आकड्यांवर बोलता येत नाही. पश्चिम प्रशांतात नुसत्या एल निन्योने समुद्र वीस-तीस सेंटिमीटर खाली जातो. भरतीमापकाशेजारी जीपीएस लागतो, कारण जमीनही खचत असते.

मालवणजवळच्या देवबागला एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी. विहिरींचं हेच गणित तिथेही लागू आहे. बंधाऱ्याच्या भाषणात मात्र विहीर येत नाही.

मग तू इकडे का येत नाहीस, हा प्रश्न रास्त आहे. मला तो टोचतो. इथे मी परकी, म्हणून यांगोना (कावाची मुळं) भेट घेऊन, सेवूसेवू हा परवानगी मागण्याचा विधी करून, परवानगी मिळाल्यावरच गावातल्या विहिरीत मोजणीची नळी टाकते. कोकणात मी आपलीच म्हणून न विचारता शिरले असते, आणि पहिली नळी कुणाच्या विहिरीत टाकायची, हे आज मला सांगता येणार नाही.